घरी संसर्गाचा पेशंट आहे? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरची, राहते लोकमान्य नगरात. तीसेक वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच संसर्गाच्या वॉर्डात. आता रिटायर झालेय पण फोन काही रिटायर व्हायला तयार नाही, रोज कोणी ना कोणी, "सिस्टर, आमच्याकडे अमक्याला तमकं झालंय, काय करू?" रामबागेतल्या काकू असोत नाहीतर सुदामा नगरातली नवी सून, प्रश्न तेच ते. म्हणून एकदा बसून सगळं टाइप करून ठेवतेय. डॉक्टरांच्या जागी हे वाचू नका, औषध ते ठरवतील. मी सांगतेय ते पलंगाशेजारी बसणाऱ्या माणसाचं काम.

घरात कोणाला संसर्ग झाला की सगळ्यात आधी काय करायचं?

घाबरायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, डॉक्टरांनाच विचारा: हा रोग बाहेर कुठून पडतो आणि दुसऱ्याच्या आत कुठून शिरतो? बास. वाट कळली की निम्मं काम झालं. कावीळ (ए आणि ई वाली), टायफॉइड, जुलाब हे संडासातून निघतात आणि तोंडातून शिरतात, म्हणजे तुमची लढाई हात, पाणी आणि संडासाची. टीबी, गोवर, कांजण्या हवेतून येतात, तिथे खिडकी आणि मास्क. फ्लू, घटसर्प, डांग्या खोकला हे खोकल्याच्या थेंबांतून. खरूज अंगाला अंग लागून आणि कपड्यांतून. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला. डेंग्यू-मलेरिया तर माणसाकडून माणसाला थेट येतच नाहीत, मधे डास लागतो.

लोक उलटं करतात. काविळीच्या पेशंटसमोर मास्क घालून बसतात आणि संडासातून येऊन तशाच हातानं पोळ्या लाटतात. टीबीवाल्याचं ताट वेगळं करतात आणि खिडकी मात्र गच्च बंद, का तर त्याला गार वारा लागेल! वाट बंद करायची असते हो, माणूस नाही.

दोन खोल्यांचं घर, संडास एकच. वेगळी खोली कुठून आणू?

बहुतेकांचं असंच असतं, राजवाड्याकडच्या जुन्या वाड्यांत तर एका खोलीत तीन पिढ्या. वेगळी खोली नसेल तर वेगळा कोपरा करा. हवेतून पसरणारा रोग असेल तर पेशंटचा पलंग खिडकीशी, आणि वारा कुठून कुठे जातो ते बघा (अगरबत्ती लावून धूर बघायचा, सोपं आहे). धूर पेशंटकडून बाहेर जायला पाहिजे, पेशंटकडून आजीकडे नाही. पंखा असा लावा की हवा खिडकीकडे ढकलली जाईल. एसी बंद, कारण तो तीच हवा फिरवत बसतो.

संडास एकच असेल तर पेशंटनं शेवटी जायचं असं वेळापत्रक काही चालत नाही, जुलाबवाला माणूस वेळापत्रक बघून जाणार का? त्यापेक्षा तो जाऊन आला की नळ, कडी, मग, फ्लशचं बटण आणि सीट पुसायची. हाताची जागा महत्त्वाची, फरशी नंतर.

हात धुवायचे म्हणजे नक्की किती आणि कधी?

साबण लावल्यापासून पुसेपर्यंत ४० ते ६० सेकंद. खूप वाटतात, करून बघा. अंगठा आणि नखांच्या खालची जागा सगळेच विसरतात, आणि आपल्या बायकांनी बांगड्या वर सरकवून आणि अंगठी काढून धुवायचे, अंगठीखाली जे राहतं ते साबणाला दिसत नाही.

कधी? पेशंटला हात लावायच्या आधी (हो, आधी पण, तुमचे जंतू त्याला नकोत, तो आधीच अशक्त आहे), लावल्यानंतर, घाण काढल्यावर, औषध द्यायच्या किंवा ड्रेसिंग करायच्या आधी, आणि त्याच्या पलंगाला, बाटलीला, चादरीला हात लागला तरी. आणि स्वयंपाकघरात पाय टाकताना, हे माझं स्वतःचं.

सॅनिटायझर चालतं, हात दिसायला स्वच्छ असतील तर, २०-३० सेकंद चोळायचं. पण जुलाब-उलटीच्या पेशंटकडे साबण-पाणीच, काही पोटाचे व्हायरस सॅनिटायझरला जुमानत नाहीत. आणि मोबाईल! पेशंटचं करता करता फोन उचलता, मग हात धुता, मग तोच फोन परत हातात. कशाला धुतले मग?

ग्लोव्ह्ज घातले तर हात धुवायला नकोत ना?

धुवायचेच. ग्लोव्ह्ज फक्त रक्त, शी-शू, उलटी, पू अशा कामाला, काम झालं की उलटे काढून टाकायचे, मग हात. मी तर म्हणते घरात ग्लोव्ह्जचा तोटाच होतो, कारण एकदा घातले की माणसाला वाटतं आपण आता सुरक्षित, आणि त्याच ग्लोव्ह्जनी नळ, फ्रिज, दाराची कडी सगळीकडे फिरतो.

मास्क कोणता? एन-९५ महाग पडतो.

खोकणाऱ्या पेशंटला साधा सर्जिकल मास्क, त्याचं काम थेंब बाहेर पडू न देणं. त्याची सेवा करणाऱ्याला, टीबी किंवा गोवरासारखं हवेतलं काही असेल तर एन-९५, कारण तो बारीक कण गाळतो. पण चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीवर बसत नाही, नाकावरची पट्टी दाबली नाही तर सगळी हवा बाजूनेच जाते. काविळीला, टायफॉइडला मास्कचा उपयोग नाही, ते पैसे साबणाला घाला.

मुलाला माता आलीय. सासूबाई म्हणतात औषध नाही, आंघोळ नाही, घरात फोडणी पण नाही. काय करू?

आपण मराठीत कांजण्या म्हणतो, इथे सगळे छोटी माता म्हणतात. आणि आपल्या आज्या ज्याला देवी म्हणायच्या तो वेगळाच रोग, तो जगातून संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, भारतातला शेवटचा पेशंट १९७५ चा. रोग गेला, भीती आणि नियम मात्र कांजण्यांच्या वाट्याला आले.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांच्या नियमांतले निम्मे चांगले आहेत. मुलाला घरात ठेवायचं, बाहेरच्यांना येऊ द्यायचं नाही, हे तर आयसोलेशनच झालं. कडुनिंबाचा डहाळा दाराला लावतात, लावू द्या, लोकांना लांबून कळतं. शीतला सप्तमीला गार जेवण असतं तसं मऊ आणि गार जेवण तोंडात फोड आलेल्या मुलाला खरंच बरं पडतं, दहीभात, गार खीर. फोडणीचं राहू दे, आठ दिवस वरणाला फोडणी नाही घातली तर कोणी मरत नाही.

पण दोन गोष्टींवर अडून बसा. एक, आंघोळ रोज, कोमट पाण्यानं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. घाम आणि मळ साचला की खाज वाढते, मूल खाजवतं, फोडांत पू होतो आणि डाग त्यानेच राहतात. नखं कापा, लहान बाळाला रात्री सुती मोजे हातात घाला, फोडांवर कॅलामाइन लोशन. दुसरं, तापाला पॅरासिटामॉल द्यायचं, पण अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, मुलांत त्यानं लिव्हर आणि मेंदूचा भयंकर त्रास होऊ शकतो. आयबुप्रोफेन पण कांजण्यांत टाळतात.

पसरतं कधीपर्यंत? पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच-सात दिवस. खपली पडायची वाट बघायला नको. नवीन फोड यायचे थांबले आणि सगळे सुकले की शाळा सुरू. घरात गरोदर बाई असेल जिला आधी कांजण्या झाल्या नाहीत, किंवा कोणाचं कॅन्सरचं केमो चालू असेल, तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा, "बघू पुरळ येतंय का" असं थांबायचं नाही. मोठ्या माणसाला कांजण्या झाल्या तरी लवकर दाखवा, मोठ्यांना जड जातात आणि औषध पहिल्या २४ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी.

काविळीला हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस. बरोबर ना?

नाही. हळद पिवळी म्हणून बंद, हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, लिव्हरला आराम आणि अंगाला जेवण लागतं. भूक नसते, मळमळतं, म्हणून थोडं थोडं, सकाळी जास्त कारण सकाळी मळमळ कमी असते. पोळी-भाजी-वरण साधं, तूप अगदी बंद करायची गरज नाही. दारू मात्र पूर्ण बंद, आणि स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी, काढा, चिरायता, झाडपाला नको, सगळं लिव्हरमधूनच जातं.

आणि उसाचा रस! ठेल्यावरचा, त्यात कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ. निम्म्या वेळा कावीळ आली त्यातूनच असेल. एका घरी मी गेले तर जावईबापूंसाठी रोज ठेल्यावरून रस येत होता आणि घरातली बाकी मंडळी पण पीत होती, "थोडा थोडा सगळ्यांना". मी काय बोलणार, कपाळाला हात लावला.

डोक्यावर माळ घालतात काविळीची, ती हळूहळू लांब होऊन खाली येते आणि कावीळ उतरली म्हणतात. ताज्या काड्यांच्या गाठी असतात, काड्या सुकल्या की बारीक होतात आणि दोरा सैल पडतो, माळ लांब होणारच, माझ्या गळ्यात घातली तरी होईल. घालायची तर घाला, पण रक्ताची तपासणी करून.

पसरण्याचं म्हणाल तर डोळे पिवळे व्हायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा साधारण एक आठवडा ए कावीळ जास्त पसरते. तोपर्यंत पेशंटनं दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही. पाणी उकळून, खदखदून. नळाला नर्मदेचं पाणी येतं हे ठीक, पण टंकी तुमची आहे आणि ती शेवटची कधी घासली होती? गरोदर बाईला कावीळ दिसली तर घरी ठेवूच नका, ई ची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर येते. आणि कोणाही काविळीच्या माणसाला गुंगी यायला लागली, दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस झाला, असंबद्ध बोलायला लागला, रक्त येऊ लागलं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

मोतीझरा निघालाय, तीन दिवस औषध चालू आहे तरी ताप उतरत नाही. औषध बदलू का?

मोतीझरा म्हणजे टायफॉइड. योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतातच, यात घाबरून डॉक्टर बदलू नका, पण तापाचा कागद ठेवा, वेळ आणि आकडा. मधेच पोट एकदम दुखून फुगलं, काळी शी झाली, तर थांबायचं नाही. ताप गेला तरी कोर्स पूर्ण. काही लोकांच्या पित्ताशयात जंतू नंतरही राहतात, म्हणून स्वयंपाकी, कॅटरिंगवाले, डबेवाल्या बायकांनी डॉक्टरांना विचारूनच कामावर जायचं. उपाशी ठेवायची जुनी पद्धत सोडा, मऊ भात, खिचडी, शिजवलेलं सफरचंद, केळं द्या. शेव नाही. हो, इंदूरात हे वेगळं सांगावं लागतं, एक पेशंट मुगाच्या पाण्यात शेव टाकून पीत होते.

जुलाब-उलट्या चालू आहेत, ओआरएस दिलं की ओकतो. मग?

एकदम ग्लासभर दिलं तर ओकणारच. चमच्यानं द्या, दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू. कंटाळवाणं काम आहे, रात्रभर बसावं लागतं, म्हणूनच लोकांना सलाईन आवडतं.

पण ही गोष्ट ऐका. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या कॅम्पात कॉलरा सुटला, सलाईन संपलं, हात कमी पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि आया, भाऊ, काका, जे सोबत होते त्यांच्याच हातात पेले दिले. मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. ते काम शिकलेल्या नर्सनी नाही केलं, नातेवाईकांनी केलं. म्हणजे तुम्हालाही जमेल.

पुडी मोठी असेल तर एक लिटर पाण्यात पूर्ण, अर्धी पुडी ग्लासात असलं काही नाही, जास्त घट्ट झालं तर उलट नुकसान. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. २४ तासांनी उरलं तर फेका. आणि टेट्रापॅकमधलं गोड पाणी ओआरएस नसतं, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का बघा. एफएसएसएआयनं (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मध्ये असल्या गोड पेयांना नावात ओआरएस लावायला बंदी घातली, तरी जुना साठा आणि जुनी सवय असतेच.

लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला निम्मं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. जुलाब थांबवायची गोळी मुलांना नाही. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली की हळू परत जातेय, रक्त पडतंय, मूल सुस्तावलंय, तर चमचा ठेवा आणि गाडी काढा.

डेंग्यूच्या पेशंटला वेगळं ठेवायचं का?

मच्छरदाणीत ठेवायचं, दिवसासुद्धा. लोकांना वाटतं मच्छरदाणी पेशंटला वाचवायला, त्याला तर झालाय, ती बाकीच्यांना वाचवायला. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत त्याच्या रक्तात व्हायरस असतो, त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला देतो. हा डास दिवसा चावतो आणि कूलरच्या पाण्यात वाढतो, तो आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा, नुसतं पाणी ओतून टाकलं तर अंडी कडेला चिकटून राहतात.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप उतरला म्हणजे संपलं नाही, खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. पोटात सारखं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, झोपाळू. मी कित्येक घरी बघितलंय, ताप गेला म्हणून सगळे खुश, पोहे-जलेबी आणली आणि पेशंट संध्याकाळी कोसळला. पपईच्या पानांच्या रसाचं विचारूच नका, पाणी, सरबत, ओआरएस द्या आणि लघवी किती होते ते मोजा.

टीबी झालाय म्हणे. आता ताट-वाटी वेगळी, लेकराला जवळ घ्यायचं नाही, बरोबर?

ताट-वाटीनं टीबी होत नाही. चादरीनं, कपड्यांनी, शेजारी जेवल्यानं नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, गातो, तेव्हा बारीक कण हवेत तरंगतात आणि बंद खोलीत तासन्‌तास राहतात, ते श्वासात गेले तर. म्हणून खिडकी, ऊन, मास्क. हाडांचा किंवा फुप्फुसाबाहेरच्या गाठींचा टीबी तर सहसा पसरतच नाही, तरी त्या पोरींना पण घरात वाळीत टाकतात.

साधा, म्हणजे औषधांना दाद देणारा टीबी असेल तर औषध नीट सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत पसरवायची ताकद खूप कमी होते. तेवढे दिवस जपायचं, वेगळं झोपायचं, मास्क घालायचा. आईला टीबी असेल तरी बाळाला अंगावर पाजू शकते, मास्क लावून, फक्त बाळाला डॉक्टरकडे न्यायचं, त्याला प्रतिबंधाची गोळी लागते. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायचीच.

थुंकी झाकणाच्या डब्यात, तळाला थोडं फिनाईल, दिवसातून दोनदा संडासात ओतून फ्लश. रस्त्यावर नाही, इंदूरनं स्वच्छतेचा नंबर मिळवलाय त्याची तरी लाज ठेवा.

औषध सहा महिने. पहिल्या दोन महिन्यांत माणूस इतका बरा होतो की वजन वाढतं, खोकला जातो, आणि तिथेच सोडतो. मग जो परत येतो तो हट्टी टीबी असू शकतो, औषधांना दाद न देणारा, आणि तोच घरच्यांना देतो. औषध सुरू केल्यावर लघवी केशरी होते, घाम-अश्रू पण केशरी, ते रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधानं, घाबरू नका, आधीच सांगून ठेवा नाहीतर पेशंट रक्त समजून गोळ्या बंद करतो. डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, दिसायला अंधुक झालं, तर मात्र लगेच दाखवा.

सरकारी औषध फुकट आहे, खाजगी डॉक्टरकडे असाल तरी नाव निक्षयवर (टीबीच्या पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदवलं जायला पाहिजे. पोषणाचे पैसे महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, बँक खातं द्यावं लागतं. लाजेपोटी खूप जण घेत नाहीत. घ्या आणि शेंगदाणे, अंडी, डाळ आणा. एमवायच्या (इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल) आवारातल्या टीबी हॉस्पिटलमध्ये जायला लोक तोंड लपवतात, ओळखीचं कोणी दिसेल म्हणून. अहो, तोही तिथे त्याच कामाला आलाय ना.

कपडे, फरशी, उलटी कशानं साफ करायची?

कपडे झटकायचे नाहीत, गुंडाळून थेट बादलीत, गरम पाणी आणि साबण, मग कडक ऊन. उलटी-शी-रक्त आधी कागदानं किंवा जुन्या फडक्यानं उचला, मग ब्लीच, कारण घाण वर असेल तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. बाजारातलं पाच टक्क्याचं ब्लीच असेल तर अशा घाणीच्या जागेला एक वाटी ब्लीच नऊ वाट्या पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं. रोजच्या कड्या-नळांना एक लिटरमध्ये २० मिली पुरे. रोज ताजं करा, कालचं उडून गेलेलं असतं.

आणि हे ठळक अक्षरात समजा: ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र कधीही नाही. क्लोरीन वायू निघतो. आमच्याच गल्लीत एक वहिनी "डबल पावर" म्हणून दोन्ही ओतून दार लावून घासायला बसल्या, त्यांना उचलून आणावं लागलं.

डायपर, पट्ट्या, सुया कुठे टाकू?

डायपर, ड्रेसिंग, मास्क कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, कचरागाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो तिथे, आणि गाडीवाल्या भैय्याला सांगून द्या. सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात, टोपण परत न लावता, भरला की जवळच्या लॅब किंवा दवाखान्यात. खुली सुई टाकली तर ती ज्याच्या हातात घुसेल तो पण कोणाचा तरी मुलगा आहे.

भेटायला येणाऱ्यांना कसं थांबवू? वाईट दिसतं.

माझं नाव सांगा. "सिस्टरनी मना केलंय." लोक नारळपाणी आणि कचोरी घेऊन येतात, पलंगावर बसतात, पेशंटच्याच ग्लासात पाणी पितात आणि वर सांगतात आमच्या मामेभावाला पण असंच झालं होतं, तो गेला.

एचआयव्हीच्या पेशंटला आंघोळ घालायला भीती वाटते.

वाटायला नको. स्पर्शानं, घामानं, थुंकीनं, भांड्यानं होत नाही. उघडी जखम किंवा रक्त असेल तेव्हा ग्लोव्ह्ज, एरवी नाहीत.

मी नर्सिंग स्टुडंट आहे, ड्यूटीवर सुई टोचली. सिस्टर इनचार्जला सांगू का, ओरडतील.

ओरडू देत, लगेच सांग. आधी जागा साबण-पाण्यानं वाहत्या नळाखाली धू, दाबून पिळू नकोस, ब्लीच-स्पिरिट लावू नकोस, तोंडात बोट तर घालूच नकोस. मग रिपोर्ट. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, दोन तासांत झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. आकडे ऐकून ठेव, टोचलेल्या सुईतून एचआयव्ही व्हायची शक्यता ०.३ टक्के, पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी व्हायची ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्याला सगळे भितात तो लहान आणि ज्याला लस आहे तो मोठा. बी च्या लसीचे तीन डोस घेतलेस का? शून्य, एक, सहा महिने. नंतर अँटिबॉडी तपासलीस का? आमच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, मला पहिला डोस नोकरीला लागल्यावर सात वर्षांनी मिळाला.

खरं सांगू का, मला पेशंटच्या खोलीत जायलाच भीती वाटते. मी वाईट आहे का?

नाही हो. मला पण वाटायची, पहिल्या गोवराच्या वॉर्डात मी श्वास धरून इंजेक्शन दिलंय.

पुण्यात १८९७ मध्ये प्लेग होता तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत पेशंटची सेवा करत होते. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलगा वाचला. तेव्हा प्लेगची लस मुंबईत जेमतेम सुरू होत होती, अँटिबायोटिक तर नव्हतंच. मला ही गोष्ट कोणी भारावून सांगितली की मी म्हणते, त्यांच्याकडे नव्हतं ते आपल्याकडे आहे, मास्क, लस, औषध, रोगाच्या वाटेची पूर्ण माहिती. तुम्हाला पाठीवर घ्यायचं नाहीये, हात धुऊन खोलीत जायचंय आणि दहा मिनिटं बसायचंय. दारातून ताट सरकवलेलं पेशंटला बरोबर कळतं, आणि मग तो जेवत नाही, आणि मग तुम्ही म्हणता भूकच नाही त्याला. खुर्ची खिडकीच्या विरुद्ध बाजूला ठेवा, वारा तुमच्या पाठीकडून त्याच्याकडे आणि बाहेर, आणि बसा. मॅच लावा. बोलायला विषय नसेल तर शेजाऱ्यांची निंदा करा, त्यानं पेशंट लवकर उठून बसतात असा माझा अनुभव आहे.

सहा महिने झाले, आजोबांचा टीबीचा कोर्स संपला, डॉक्टर म्हणाले बरे झाले. त्यांच्या कपाला आम्ही ओळखू यावा म्हणून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तो कप आता टाकायचा का?

तो कप पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवायची गरजच नव्हती. घासा आणि सगळ्यांच्या कपांत ठेवून द्या, उद्या त्यात तुम्ही चहा घ्या, आजोबांच्या समोर. ठिपका रिमूव्हरनं निघतो, नसेल तर थोडं थिनर लावा.